'भाऊ' म्हटलं, पण बेडी काढली का?

जुनी_वही
बायबलच्या नव्या करारातलं, पौलाने फिलेमोन या ख्रिस्ती गुलाममालकाला लिहिलेलं पत्र काल परत वाचलं. जेमतेम 25 वचनं. पौल, म्हणजे सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक, कैदेत आहे. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम तिथे त्याच्या हातून ख्रिस्ती झालाय. पौल त्याला मालकाकडे परत पाठवतो आणि लिहितो, आता दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून घे. त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन. लगेच पुढे, तू स्वतःच माझा देणेकरी आहेस हे मी बोलत नाही! (गोड बोलून कोंडीत पकडणं किती जुनं आहे बघा.) पण 'त्याला मोकळं कर' हे सरळ वाक्य अख्ख्या पत्रात नाही. पौलाच्याच नावावरच्या कलस्सैकरांच्या पत्रात तर दासांनो, धन्यांच्या आज्ञा पाळा, असं स्वच्छच आहे. माझ्या मते हा बंधुभाव धन्याच्या सोयीचा होता.

मधली_आळी
साफ असहमत. हे पत्र एकट्या फिलेमोनाला नाही, त्याच्या घरी उपासनेला जमणाऱ्या ख्रिस्ती मंडळीलाही आहे. म्हणजे चारचौघांत वाचलं जाणार. उपासनेत ज्याच्याबरोबर प्रभुभोजनाची भाकर मोडायची त्याला दुसऱ्या दिवशी फटके कसे मारणार? रोमन कायद्यात गुलामाचं लग्नसुद्धा लग्न धरत नसत, तिथे त्याला भाऊ म्हणणं साधी गोष्ट नव्हती. 203 साली कार्थेजला पर्पेतुआ ही खानदानी बाई आणि फेलिसिता ही दासी ख्रिस्ती धर्मासाठी एकाच आखाड्यात मेल्या. आजही दोघींची नावं जोडीनेच घेतात. आणि कॅलिस्टस हा एकेकाळचा गुलाम रोमचा बिशप झाला. हे आपल्याला सांगतो कोण, तर त्याचा कट्टर विरोधक!

जुनी_वही
फटके कसे मारणार? खुशाल मारत. चौथ्या शतकाच्या सुरुवातीची स्पेनमधली एल्विराची धर्मसभा घ्या. तिचा पाचवा नियम : मालकिणीने रागाच्या भरात दासीला इतकं मारलं की ती तीन दिवसांत मेली, तर मुद्दाम मारलं असल्यास सात वर्षं प्रायश्चित्त, नकळत असल्यास पाच. सात वर्षांनी बाई परत प्रभुभोजनाला! असा नियम करावा लागला, म्हणजे ख्रिस्ती घरांतच हे होत होतं. पुढे आशिया मायनरमधल्या गांग्राच्या धर्मसभेने तर धर्माच्या नावाखाली दासाला धन्याचा अनादर करायला शिकवणाऱ्यालाच बहिष्कृत ठरवलं.

पाटी_पेन्सिल
गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात भर रस्त्यात गुलामांचे लिलाव होत, ते विसरलात?

मधली_आळी
ते दीड हजार वर्षांनंतरचं. वेगळा धागा काढा, येतो तिथे.
एल्विराचा नियम मान्य, लाजिरवाणा आहे. पण त्याच चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरीही आहे. बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकात 'मी दासदासी विकत घेतल्या' असं येतं, त्यावर तो प्रवचनात थेट विचारतो, देवाच्या प्रतिमेची, म्हणजे माणसाची, किंमत किती नाण्यांत केलीस? गुलामगिरीच्या मुळावरच घाव घालतो.

जुनी_वही
ग्रेगरीला सलाम. पण त्याच्यासारखं बोलणारे आणखी किती? ऑगस्टिनसारखा मोठा ख्रिस्ती विचारवंत गुलामगिरीला पापाचं फळ म्हणतो आणि गुलामाला मनापासून सेवा करायला सांगतो.

मधली_आळी
बरं, एकच विचारतो. फिलेमोनाने ऐकलंच नसतं तर असं अडचणीत टाकणारं पत्र त्याने जपलं असतं का?

जुनी_वही
पत्र जपलं. अनेसिमाचं काय केलं, ते कुठे लिहिलंय?