हरभऱ्याला एकच पाणी असेल तर फुलात द्यायचं की घाटे (शेंगा) भरताना?

काळीमाती
विहिरीत एकाच पाळीपुरतं पाणी उरलंय. हरभरा ३८ दिवसांचा, फुलकळी नुकती दिसू लागलीय. शिफारस म्हणते, एकच पाणी असेल तर फुलोऱ्याच्या सुरुवातीला द्या. शेजारी म्हणतात, फुलात पाणी म्हणजे फुलगळ. मी शिफारशीच्या बाजूचा. आत्ता पाण्याचा ताण बसला तर घाटेच कमी लागतील, मग दाणा भरायचा कशात?

बांधावरचा
साफ चूक. थोडा ताण बसल्याशिवाय हरभरा फुलावर येत नाही, नुसता पाल्यानं माजतो. मागच्या साली भर फुलात पाट सोडला. आठ दिवसांत रान हिरवंगार आणि फुलं खाली. पाणी घाटे भरतानाच.

काळीमाती
दादा, तेव्हा भेगा पडल्या होत्या का? भेगाळल्या रानात पाट सोडला की पाणी भेगांत जातं, वाफा भरेपर्यंत दुप्पट पाणी बसतं. एवढ्या पाण्यानं हरभरा माजणार, फुलं गळणारच. त्यात फुलाचा काय दोष? आणि तुमचं भर फूल होतं, माझी कळी आहे.

बांधावरचा
भेगा होत्या, मान्य. पण पाणी मोजून द्यायला रात्री दोनला कोण उभं राहतं? लाईट तेव्हाच येते.

रब्बी_खरीप
दोघांचंही अर्धं बरोबर. गव्हाचा नाजूक काळ फुलोऱ्याच्या आधी येतो, हरभऱ्याचा फूल दिसल्यानंतर, घाटे लागायच्या दिवसांत. आधीचा ताण हरभरा बराच भरून काढतो, कारण ओल असेल तर तो पुन्हा फुलतो. पण त्याला थंडीही लागते. फेब्रुवारीचं ऊन चढलं की दुसरी संधी नाही. म्हणून पेरणीची तारीख सांगितल्याशिवाय हा वाद फुकटचा आहे. विजय वाणच बघा: जिरायतात ८५ ते ९० दिवस, बागायतात १०५ ते ११०. म्हणजे पाणी दिलं की पीक लांबतं. ऑक्टोबरात पेरलेल्याला ते परवडतं. डिसेंबरात पेरलेला मात्र थेट उन्हात सापडतो.

बांधावरचा
हे पटलं. पण सोयाबीनला हे लागू नाही. २०२३ चा ऑगस्ट, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. आमच्याकडं लवकर पेरलेलं ऐन फुलात-शेंगेत होरपळलं, उशिराचं सप्टेंबरच्या पावसानं सावरलं. तिथं उशीरच कामाला आला!

रब्बी_खरीप
अहो, ते माझंच म्हणणं झालं. पावसाचा खंड सगळ्यांना सारखाच होता, झाडाचं वय वेगळं होतं.

काळीमाती
पेरणी ८ नोव्हेंबरची. रान अजून भेगाळलं नाही. अर्ध्याला उद्या हलकं पाणी देतो, अर्ध्याला घाटे लागताना. काढणीला कट्टे वेगळे मोजेन.

बांधावरचा
मोज. पण तोवर विहिरीत पाणी टिकेल का ते बघ. शेजाऱ्याच्या मोटारी काय तुझ्यासाठी थांबणार नाहीत.