ऑनलाइन धंदा करायला नक्की काय काय यावं लागतं?

कुडाळची_लेक
नमस्कार मंडळी. आई गेली कित्येक वर्षं आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ करते. मे महिन्यात चाकरमानी येतात ते पिशव्या भरभरून नेतात आणि मग गणपतीपर्यंत सामसूम, म्हणून मला ऑनलाइन सुरू करायचंय. भाऊ म्हणतो इन्स्टावर पेज काढ, रील टाक, झालं. मी ८ हजार भरून एक कोर्स पण केला पण त्यात सगळं जाहिरातीचंच. मग पहिलं पार्सल ठाण्याला पाठवलं तर आगळाची बाटली वाटेत पाझरली, लाल पाणी फणसपोळीत मुरलं आणि खाली पिठाचा नुसता गोळा. ताईंनी फोटो पाठवला तो बघून आई दिवसभर गप्प होती. पैसे परत दिले पण मनाला लागलंय. तर ह्या धंद्यात एकट्या माणसाला काय काय यायला हवं ते खरं खरं सांगा.

सांगलीची_हळद
ताई, पहिला नंबर पॅकिंगचा, जाहिरात फार नंतर. आगळाच्या बाटलीला झाकणाखाली इंडक्शन सील, म्हणजे तोंडाला गरम करून चिकटवलेली फॉइल, मारून घ्या, त्याचं छोटं हातातलं मशीन मिळतं. सील मारल्यावर बाटली रात्रभर आडवी करून पेपरवर ठेवायची, सकाळी डाग दिसला तर ती बाटली पाठवायची नाही. आणि ओलं-सुकं एका खोक्यात कधीच नको, घालायचंच झालं तर बाटली वेगळ्या जाड पिशवीत बांधून.

दुसरं म्हणजे हिशेब, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं स्किल हेच. मी एका दिवाळीत कॅश ऑन डिलिव्हरीवर ४० पार्सलं पाठवली, त्यातली ११ परत आली, कोणी फोन उचलत नाही, कोणी म्हणे मी मागवलंच नव्हतं. जाण्याचं भाडं आपल्या बोकांडी, येण्याचंपण आपल्याच. हळद खपली खूप पण हातात काही उरलं नाही, आणि हे मला कळलं कधी तर वहीत एकेका पार्सलमागे माल, बाटली, खोका, टेप, कुरिअर, परत आलेलं असं सगळं मांडलं तेव्हा. आता आधी यूपीआय, मगच माल. ऑर्डरी कमी झाल्या पण झोप लागते.

पुण्याची_सूनबाई
वरच्या दादांशी सहमत. त्यात माझं एक, कुरिअरचं वजन नीट समजून घे गं. मी सासूबाईंच्या कुरडया विकते. किलोभर कुरडया, खोका ३० बाय २५ बाय २० सेंटीमीटर. मी भाडं धरलं एका किलोचं आणि बिल आलं ३ किलोचं! बहुतेक कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंची गुणून ५००० ने भागतात आणि काट्यावरचं वजन नि हे, ह्यातलं जे जास्त ते लावतात. तुझं आगळ जड आहे तिथे फरक नाही पडणार, पण हलका माल पाठवशील तर खोका जेवढा लहान तेवढा बरा.

आणि लिहिता यायला हवं. म्हणजे साहित्यिक नाही, पण मुंबईत वाढलेल्या मुलीला आगळ आणि कोकम सरबत ह्यातला फरक माहीत नसतो, ती आगळ पाण्यात घालून साखरेशिवाय पिते आणि खारट आहे म्हणून एक स्टार देते. आगळात मीठ असतं, सोलकढीला किती चमचे घालायचं, हे लेबलवर ठळक लिही. फोटो सकाळच्या उजेडात खिडकीशी काढ, पुरतात तेवढे. मेसेजला त्याच दिवशी उत्तर, चिडलेल्या माणसालासुद्धा. ठाण्याच्या ताईंना तू पैसे परत दिलेस ना, त्यांना एक नवी बाटली पाठव, त्या बिल्डिंगभर सांगतील.

कर_सल्ला_कोल्हापूर
कागदपत्रांचं थोडक्यात. खाण्याचा माल आहे म्हणजे एफएसएसएआयची (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) नोंदणी हवीच, घरून केला तरी. पाकिटावर वजन, एमआरपी, तारीख, पत्ता, तक्रारीचा नंबर. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. जीएसटीचं मात्र बघा, १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला मोठ्या साइटवरून आपल्याच राज्यात विकायला पूर्ण जीएसटी नोंदणी लागत नाही, पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घेतला की चालतं. पण कर लागणारा माल राज्याबाहेर पाठवलात तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. तुम्हाला म्हापसा पुण्यापेक्षा किती जवळ, पण ते दुसरं राज्य.

कुडाळची_लेक
बाप रे, गोव्याचं लक्षातच आलं नव्हतं, मावशीच्या ओळखीतल्या ४ ऑर्डरी म्हापशाच्याच आहेत, त्या थांबवते. काल रात्री वही काढून बसले, अर्ध्या लिटरच्या बाटलीमागे मला १४ रुपये सुटत होते आणि त्यात आईच्या कामाचे पैसे धरलेच नव्हते, भाव वाढवावाच लागणार. आज ६ बाटल्या आडव्या ठेवल्यात पेपरवर, आई दर तासाला उठून बघतेय. @सांगलीची_हळद, सील काचेच्या बाटलीला पण बसतं का?

सांगलीची_हळद
काचेला वेगळं लायनर (झाकणातली फॉइलची चकती) लागतं, प्लॅस्टिकचं चालत नाही. बाटली विकणाऱ्यालाच विचारा, आणि आधी १० च घ्या, शंभर नको.