पेत्राचं रडणं आणि यहूदाचा पस्तावा : तरुणांना फरक कसा समजावू?

लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या) अभ्यासासाठी तरुण संघात बायबलमधलं २ करिंथ ७:१० घेतलं आहे, देवाला अनुसरून असलेलं दुःख आणि जगाचं दुःख. मागच्या रविवारी एकीने विचारलं, "मला पापाबद्दल रडू येत नाही, मग माझा पश्चात्ताप खोटा का?" दुसरा एक जण कबुली देऊनही महिनोन्‌महिने स्वतःला दोष देत बसला आहे. दोघांची काळजी वाटते.

लूक १८ मधला ऊर बडवणारा जकातदार आणि स्तोत्र ५१ (दाविदाची पापक्षमेची प्रार्थना) दोन्ही घेऊन झालं. मग येशूला नाकारणारा शिष्य पेत्र आणि त्याला पैशांसाठी धरून देणारा शिष्य यहूदा शेजारी ठेवले, तिथेच अडलो. पेत्र रडला, पण यहूदालाही दुःख झालं, "मी पाप केलं" असं तोही म्हणाला, त्यासाठी मिळालेले तीस रुपये परतही केले. लुबाडलेलं चौपट परत करणाऱ्या जक्कय जकातदाराचं उदाहरण द्यावं, तर भरपाई यहूदानेही केलीच की! ग्रीकमध्ये यहूदासाठी 'मेटामेलोमाय' (पस्तावणं) आहे, 'मेटानोइया' (मन पालटणं) नाही, हे माहीत आहे. पण १६-१७ वर्षांच्या मुलांपुढे शब्दकोश उघडून उपयोग नाही.

आमची मंडळी प्रॉटेस्टंट आहे, वेळ ४० मिनिटं. नम्र दुःख देवाकडे वळतं आणि नुसती अपराधीपणाची भावना स्वतःभोवतीच फिरते, हे या दोघांनाही पटेल असा कोणता एक शास्त्रभाग घ्यावा, आणि सुरुवात कोणत्या प्रश्नाने करावी?