'कथित आरोपी' म्हणजे नक्की कोण?

मंडळी, आज सकाळी कुर्ल्याहून सीएसएमटीला येताना शेजारच्या बाईंच्या मोबाइलवर परत 'कथित आरोपीला अटक' दिसलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. अहो ज्याच्यावर आरोप झालाय तो आरोपीच, त्यात कथित काय? कथित असतो तो गुन्हा. 'कथित चोरी' चालेल, 'कथित चोर' पण चालेल, पण 'कथित आरोपी' म्हटलं की आरोप झालाय की नाही याचीच शंका यायला लागते. काही जण तर 'तथाकथित' लिहितात, ते आणखी वाईट, 'तथाकथित समाजसेवक' म्हणताना आपण नाक मुरडतो ना, तो सूर येतो त्यात. मला आपलं साधं 'चोरी केल्याचा आरोप असलेला तरुण' बरं वाटतं, मथळ्यात जागा खातं, खाऊ दे.

पण खरा घोळ 'गुन्हा दाखल'मध्ये आहे. त्याचा अर्थ एवढाच की पोलिसांनी एफआयआर नोंदवला. तपास, आरोपपत्र, मग कोर्टात आरोप निश्चित होणार, मग खटला, सगळं पुढेच असतं, पण वाचणाऱ्याच्या कानात 'गुन्हा' तेवढा राहतो. आमच्या लालबागच्या चाळीत एका पोराचा फोटो पेपरात आला होता, वर 'चोरटा गजाआड'. पाच वर्षांनी तो निर्दोष सुटला, त्याची एक ओळ आली नाही. त्याची आई ते कात्रण आणि निकालाची कॉपी एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते, पोराला स्थळ आलं की दोन्ही काढून दाखवते, निकाल आधी.

– ताई, पण 'कथित' लावलं की अब्रुनुकसानीची केस होत नाही ना?

– कोणी सांगितलं? दुसऱ्याने केलेला आरोप आपण छापला तरी छापणारे आपणच. आधी आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं, कलम ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि आता समाजसेवेची शिक्षा पण आहे. कोर्टाच्या कामकाजाची बातमी मुळात खरी दिली तर त्याला अपवाद आहे, म्हणून तर कोर्टात काय झालं ते जसंच्या तसं लिहायचं. आणि 'अब्रू' फारसीतून आलाय बरं का, आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी उतरलं की काय होतं ते त्या माऊलीला विचारा.

– आरोपमुक्त आणि निर्दोष एकच का?

– नाही. पुरेसा आधारच नाही म्हणून आरोप निश्चित व्हायच्या आधी कोर्टाने सोडलं तर आरोपमुक्त, खटला चालून सुटला तर निर्दोष मुक्तता. आमच्या त्या पोराचं दुसरं. चाळीत मात्र अजून नुसतं 'सुटला' म्हणतात.