बोगस बांधकाम कामगार : गुन्हा एजंटावर की सही करणाऱ्या बाईवर?

शरयू_प :
बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचा पैसा बांधकाम खर्चावरच्या १ टक्का उपकरातून येतो. मंडळाकडे कामगार म्हणून नोंदणी झाली की भांड्यांचा संच, मुलांना शिष्यवृत्ती असे लाभ मिळतात. या नोंदणीची मुख्य अट म्हणजे वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला. एजंटांनी या दाखल्यातच हात मारलाय. आमच्या भागात कधी घमेलं न उचललेल्या बायका त्यांनी गोळा केल्या. "भांड्यांचा संच फुकट मिळतोय, आधार आणि पासबुक घेऊन या." ठेकेदाराचा शिक्का एजंटच मारून आणतो. अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा टाकतो, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे. पुढे तिच्या नावावर काय काय उचललं गेलं याचा तिला पत्ताच नसतो. चौकशी लागली की फोटो, अंगठा, खातं सगळं तिचं, एजंटाचं नाव कुठेच नाही! आधी एजंट आणि शिक्का देणारा ठेकेदार उचला. स्वतःहून पुढे येणाऱ्या बाईला साक्षीदार करा.

गवंडी_दादा :
ताई, कळवळा समजतो. पण मी खरा गवंडी आहे आणि माझ्या पोरीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज पडताळणीत अडकलाय. बोगस नावं निघाल्यापासून आमच्याकडेही चोर असल्यासारखं बघतात. दाखल्यासाठी हात जोडले तर ठेकेदार म्हणतो, नको रे बाबा, चौकशी लागेल. आपण कामगार नाही हे सही करताना त्या बाईला माहीत नव्हतं का? पै न् पै वसूल करा.

विलास_वकील :
वसुली व्हावीच. पण प्रकरण तिथे थांबत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीला लागतं, ३३६ आणि ३४० बनावट कागदाला. फसवून पैसे घेतल्याचं सिद्ध झालं तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा. भांड्यांपायी जामीन आणि तारखा! त्यात एटीएम कार्ड एजंटाकडे असेल तर त्या खात्यातून सायबर चोरीचा पैसाही फिरवता येतो, आणि पोलीस पहिले येतात खातेदाराच्या दारात. ज्यांनी कार्ड दिलंय त्यांनी आजच बँकेत जाऊन ते बंद करावं, खात्याला आपलाच मोबाइल नंबर आहे का तेही तपासावं.

गवंडी_दादा :
साक्षीदार करा, पण पैसे फेडल्यावर.

शरयू_प :
हप्त्याने घ्या मग. एकरकमी मागितलेत तर उसने मागायला ती त्याच एजंटाकडे जाईल.

गवंडी_दादा :
हप्ते चालतील. पण ठेकेदाराचं नाव तिने जबाबात घ्यायचं. गावातला आहे म्हणून गप्प बसायचं नाही.