मदत हवी आहे: WWE (अमेरिकन शो-कुस्ती) मधल्या चार्ल्स राइटच्या कोणत्या कुस्त्या आधी बघू?

मंडळी, चेहऱ्यावर पांढरी कवटी रंगवून, हातात धूर सोडणारी कवटी घेऊन येणारा पापा शँगो (१९९२), म्हणजे राइटचाच एक अवतार, आठवतो? मी आजीच्या पदराआड लपायचो.

परवा कळलं, १९९५ चा ‘कामा’ नावाचा मल्लही तोच! प्रतिस्पर्धी मल्ल अंडरटेकरचा कलश वितळवून त्याची साखळी गळ्यात मिरवणारा. पुढे गॉडफादर, २००० मध्ये पांढरा शर्ट-टायवाला गुडफादर. मुख्य लढती फारशा वाट्याला आल्या नाहीत, तरी १९९९ ला गोल्डडस्टला हरवून इंटरकॉन्टिनेंटल विजेतेपदाचा पट्टा घेतला, २०१६ ला WWE च्या हॉल ऑफ फेममध्ये (मानाच्या यादीत) गेला. दर वेळी शून्यातून उभं राहणं सोपं नाही हो.

भाच्याला हे सगळं दाखवायचंय. प्रत्येक अवताराची एकेक कुस्ती सुचवाल का? चाल, हातवारे कसे बदलले ते नीट दिसेल अशी.