मांजराचं पिल्लू गालिचा ओरबाडतंय, खांब आणला तरी ढुंकून बघत नाही (ग्वाल्हेर)

लश्करवाली

नमस्कार मंडळी. घरात चार महिन्यांची देशी मनी आहे, मादी, नसबंदीचं ऑपरेशन अजून व्हायचंय. थंडी सुरू झाली तसा बैठकीत हातविणीचा लोकरीचा गालिचा अंथरला, ६ बाय ९ फूट. सकाळी झोपेतून उठली की थेट दाराजवळच्या कोपऱ्यावर पुढचे पाय ताणून खर्र-खर्र. दोन-तीन ठिकाणी लोकर वर आली आहे आणि एका जागी खालचा पांढरा दोरा दिसतोय. ऑनलाइन ४० सेंमी उंचीचा, मांजराने ओरबाडायचा खांब मागवला, तो खिडकीच्या कोपऱ्यात नवाकोरा उभा आहे. शेजारी म्हणतात लिंबाचं पाणी शिंपडा, सासूबाई म्हणतात गालिच्याखाली डांबरगोळ्या ठेव. मांजराची नखं ऑपरेशन करून कायमची काढतात असंही ऐकलं. नेमकं काय करावं? गालिचा आता वाचेल का?

बोका_आणि_मंडळी

ताई, आधी डांबरगोळ्या. त्या घरात मोकळ्या असतील तर आजच हलवा. त्यांतल्या नॅफ्थलीनने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात आणि यकृतालाही इजा होते, आणि एवढ्याशा पिल्लाला एक गोळीसुद्धा फार झाली. लिंबाच्या पाण्याचा वास थोड्या वेळात उडतो, लोकरीच्या रंगावर डाग मात्र राहू शकतो. लिंबा-संत्र्याच्या सालीचं तेल तर मांजराला विषारीच. कोपऱ्याखालची फरशी पुसताना फिनाइल किंवा पाण्यात घातल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकंही नकोत, ती पंजाला लागतात आणि पंजा चाटला जातो.

आता खांबाचं. तुमच्या पिल्लाला आडवं ओरबाडायला आवडतं आणि तुम्ही त्याला उभा खांब दिलाय. शिवाय ४० सेंमी म्हणजे मागच्या पायांवर उभी राहून तिने पुढचे पाय ताणले की खांब तिथेच संपला. वजनाला हलका असेल तर ओढताना डुगडुगतोही, आणि एकदा अंगावर आला की मांजर त्याच्या वाटेला जात नाही. गालिचा मात्र जागचा हलत नाही, नखं रुततात, ताण मिळतो. तिच्या दृष्टीने गालिचाच उत्तम.

ओरबाडण्याने नखाचं वरचं जुनं कवच निघतं, खांदे-पाठ मोकळी होते आणि पंजाच्या गाद्यांमधल्या ग्रंथींचा वास त्या जागेला लागतो. म्हणून तीच जागा पुन्हा पुन्हा. ओरडलात किंवा पाण्याचा फवारा मारलात तर ती फक्त एवढंच शिकेल की माणूस समोर असताना करायचं नाही.

ओरबाडायला आडवी पाटी द्या आणि ती ओरबाडलेल्या कोपऱ्यावरच ठेवा. शेजारी नाही, वर. उरलेल्या कोपऱ्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद पसरा आणि त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावा. पंजाला चिकट लागलेलं मांजरांना आवडत नाही. पट्टी थेट लोकरीला चिकटवू नका, निघताना लोकर उपटेल आणि डिंक तसाच राहील. पाटी कशाची आवडेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून आठवडाभर पुठ्ठा, काथ्याचं पायपुसणं आणि दोराची फळी अशा तिन्ही गोष्टी ठेवून पाहा. जिच्यावर ओरखडे जास्त, ती कायम.

तिचे पंजे धरून पाटीवर घासायचा मोह आवरा. बहुतेक पिल्लं त्याने बिथरतात. काठीला बांधलेलं पीस पाटीवरून ओढत न्या, झडप घालताना नखं आपोआप लागतील. ती उठण्याच्या वेळी हे केलंत तर उत्तम, कारण झोपेनंतरचं ताणणंच तुमच्या कोपऱ्यावर होतंय. दोन-तीन आठवडे गालिच्यावर नवा ओरखडा दिसला नाही की पाटी दर दोन-तीन दिवसांनी वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्या. एकदम उचलून गॅलरीत नेलीत तर मुसळ केरात.

नखं काढण्याच्या ऑपरेशनबद्दल: त्यात नुसतं नख जात नाही, प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड कापतात. चालताना कायमची दुखापत, मग चावणं, शी-शूची मातीची पेटी टाळणं असे प्रकार सुरू होतात. प्राण्याचा अवयव छाटणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्येही बसतं. विषय तिथेच सोडा.

रंधा_पटाशी

बाजारच्या पाटीला पैसे घालू नका, घरी होते.

पुठ्ठ्याची पाटी: फ्रिज किंवा टीव्हीच्या दुकानातून पाच थरांचा खोका आणा. ५० सेंमी लांब, ६ सेंमी रुंद पट्ट्या कापा. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्यांना काटकोनात कापायचं, म्हणजे पट्टीच्या लांब कडेवर नळ्यांची तोंडं उघडी दिसतील. हे उलटं झालं तर वर बंद कड येते आणि नख रुतत नाही. बहुतेकांच्या पाट्या इथेच फसतात. पट्ट्या कडेवर उभ्या लावत २५ सेंमी रुंदी भरेपर्यंत रचा. पाच थरांच्या पुठ्ठ्याला चाळीस-बेचाळीस पट्ट्या पुरतात, तीन थरांचा असेल तर त्याच्या दुप्पट. प्रत्येक पट्टीला मधल्या भागातच खळ किंवा पांढरा गोंद लावा, कडांना लावलात तर कडक होतं. दोरीने घट्ट बांधून रात्रभर वजनाखाली ठेवा आणि १२ मिमी प्लायच्या उथळ ट्रेमध्ये गच्च बसवा. ट्रेच्या तळाला चार कोपऱ्यांत रबराचे तुकडे. ग्वाल्हेरच्या दगडी फरशीवर याच्याशिवाय ती मांजरासकट घसरत जाईल.

एक बाजू झिजली की पालटा. दोन्ही झिजल्यावर नवी कराल तेव्हा जुनी लगेच फेकू नका, तिच्यात वास मुरलेला असतो. चार-आठ दिवस दोन्ही शेजारी असू द्या.

उभा खांबही करून ठेवा, पिल्लं मोठी होताना आवड बदलते आणि बऱ्याच मांजरांना दोन्ही लागतं. लोहिया बाजारात हार्डवेअरवाल्याकडे ११० मिमीचा, म्हणजे आपला चार इंची पीव्हीसी पाइप मिळेल, ९० सेंमी कापून घ्या. खाली १८ मिमी प्लायचा ४५ बाय ४५ सेंमीचा पाट. पाइपच्या आत बरोब्बर बसतील अशा प्लायच्या दोन चकत्या एकावर एक चिकटवून पाटाच्या मधोमध चार स्क्रूंनी आवळा, पाइप त्यावर बसवा आणि बाजूने सहा स्क्रू चकत्यांत जाऊ द्या. आधी बारीक ड्रिल मारा, नाहीतर प्लायच्या कडेचे थर फुटतात. पाइपात अर्ध्यापर्यंत कोरडी वाळू भरा, साधारण सहा किलो, आणि वर टोपी. मग माथ्याला हाताने धक्का द्या. पाट उचलला गेला तर पाट ६० सेंमीचा करा.

दोर घायपाताचा, ज्याला बाजारात सायसल म्हणतात, ८ मिमी जाडीचा. ७५ सेंमी उंची गुंडाळायला जवळपास ३५ मीटर लागतो, ४० आणा. नायलॉनचा दोर नको, तो निसरडा असतो आणि सुटलेल्या तंतूत नख अडकतं. तागाची सुतळी चालेल, पण तिला कधीकधी रॉकेलसारखा वास येतो. तसा असेल तर दोन दिवस उन्हात टाका. पांढरा गोंद पीव्हीसीला धरत नाही. पाइप आधी पॉलिशपेपरने खरबरीत करा आणि चप्पलवाल्यांकडचं रबरी सोल्यूशन लावा. दर दहा वेढ्यांनंतर लाकडी हातोडीने वेढे खाली ठोकायचे, शेवटचं टोक पाइपला भोक पाडून आत घालून गाठ मारायची. वास पूर्ण जाईपर्यंत खांब गच्चीवर ठेवा.

आणि जुन्या गालिच्याचा तुकडा खांबाला गुंडाळू नका. यावर चालतं आणि त्यावर नाही, हा फरक पिल्लाला कळणार कसा?

ताणा_बाणा

खांबाला गालिच्याच्या तुकड्याची उलटी बाजू बाहेर ठेवली तर बऱ्याच मांजरांना चालते, ती कडक आणि चपटी असते. पण या मनीने गालिच्याचा पोत आधीच पकडलाय, म्हणून तिच्यापुरतं रंधा_पटाशींचंच ऐका.

गालिच्याकडे येऊ. कोपरा उलटून पाहा. मागे नक्षी जशीच्या तशी आणि गाठी दिसत असतील, आणि झालर म्हणजे ताण्याचीच (विणीतल्या उभ्या धाग्यांचीच) टोकं असतील, तर तो खरा गाठींचा गालिचा. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, त्यात लोकर फक्त रबरी गोंदाने धरलेली असते. असा गालिचा मांजर झपाट्याने भुंडा करतं आणि त्याच्या दुरुस्तीला फार पैसे घालण्यात अर्थ नाही.

तुमचा गाठींचा आहे असं धरतो. वर आलेली लोकर ओढायची नाही. एक टोक ओढलं तर गाठच सुटून येते. धारदार, टोकाला वाकडी कात्री घ्या, ती सपाट धरून बाकीच्या लोकरीच्या पातळीला टोक छाटा. फिरवलेल्या फण्यांचा असेल, म्हणजे वर कापलेली टोकं नसून लोकरीचे न कापलेले गोल वेढे दिसत असतील, तर छाटू नका. क्रोशाच्या सुईने फणा मागच्या बाजूने हळूच खाली खेचून घ्या.

पांढरा दोरा दिसतोय तो ताणा किंवा बाणा (आडवा धागा) आहे, सुती. नुसता दिसतोय म्हणजे त्या जागच्या गाठी गेल्यात, ते भरता येतं. तुटलाय का, हे मागून बघा. तुटला असेल तर थांबू नका, कारण शेजारच्या गाठींना धरणारं काही उरत नाही आणि चालता-फिरता भोक वाढत जातं. तोवर मागच्या बाजूला सुती कापडाचा तुकडा मोठ्या टाक्यांनी शिवून ठेवा. गोंद किंवा इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावू नका, रफूवाल्याला नंतर तेच खरवडत बसावं लागतं. ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्यांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, विणणारे हात गावातच आहेत, तेव्हा गालिच्यांच्या भदोहीला (उत्तर प्रदेश) पाठवण्याआधी इथल्या कारागिराला दाखवा. दाखवताना उपटलेली लोकर पिशवीत घालून न्या, रंग जुळवायला लागते.

झालर आजच आत दुमडून खाली टाका. ओरबाडण्यापेक्षा तिचाच धोका मोठा. दोरा गिळला गेला तर आतडं त्यावर गोळा होत जातं आणि कापलं जाऊ शकतं. उलट्या, खाणं बंद, किंवा तोंडातून वा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तडक डॉक्टरकडे.

लश्करवाली

खूप खूप आभार सगळ्यांचे. मागे नक्षी आणि गाठी आहेत, दोरा तुटलेला नाही वाटत. दोन शंका. पाटी तयार होईपर्यंत गालिचा गुंडाळून ठेवला तर सवय मोडेल का? आणि नखं घरी कापता येतात का? हात लावला की पाय ओढून घेते.

बोका_आणि_मंडळी

गुंडाळून ठेवा, पण पाटी त्याच मोकळ्या जागेवर आली तरच फायदा. नुसता गालिचा उचललात तर ती सोफ्याच्या हातावर जाईल. पाटी नेमाने वापरायला लागली की गालिचा परत अंथरा.

नखं घरी कापता येतात. पहिले काही दिवस कापायचं नाहीच. जेवून सुस्तावली की एक पंजा हातात घ्या, गादी हलकी दाबून नख बाहेर काढा, सोडा, खाऊ द्या. ती पाय ओढेनाशी झाली की कात्री काढा. नखात गुलाबी भाग दिसतो, त्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतो. त्याच्या पुढचं फक्त टोक, एक-दोन मिलिमीटर, छाटायचं. लहान मुलांचं नेलकटर चालतं, पण आडवं धरलं तर नख चेपून चिरतं. पात्या नखाच्या वर आणि खाली येतील असं फिरवून धरा. एका बैठकीत दोन-तीन नखं झाली तरी पुष्कळ. पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्याला चार, अशी बहुधा अठरा असतात. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख विसरू नका, ते जमिनीला लागत नाही आणि वाढून गादीत घुसतं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर किंवा तुरटीची पूड लावून दोन मिनिटं दाबून धरा. दर दोन आठवड्यांनी करा. याने ओरबाडणं थांबणार नाही, पण लोकर उपटली जाणं बरंच कमी होईल.

कोपरा दाराजवळचा आहे म्हणून आणखी एक बघा. बाहेर एखादा बोका येऊन बसत असेल तर ती त्या दाराशी जास्त खुणा करेल. दाराच्या फटीतून दिसणारं बंद करा आणि ऑपरेशन पाच-सहा महिन्यांच्या आसपास उरकून घ्या.

ताणा_बाणा

होळीनंतर गालिचा वर ठेवाल तेव्हा कसर लागू नये म्हणून पुन्हा डांबरगोळ्यांचा विषय निघेल. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेला फवाराही नको, तो मांजराला घातक आहे. मागून-पुढून झटकून दोन तास कडक ऊन दाखवा, लोकर आत ठेवून गुंडाळा आणि धुतलेल्या सुती चादरीत बांधा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला, ओला राहिला तर डाग पडतो. पावसाळ्यात एकदा उघडून बघा.